चिल्लर चाळायचं काम: सोलापुरातल्या नोंदी

१ डिसेंबर २०२४

अण्णांशी बोलणं पक्कं झालं. मंगळवार पेठेत त्यांचं ठोक किराणाचं दुकान, गल्ल्यातली चिल्लर रोज रात्री मागच्या खोलीत साखरेच्या रिकाम्या पोत्यात ओततात आणि पोतं उचलेना झालं की डोक्याला हात लावून बसतात. व्यवहार असा ठरला की मी दर्शनी किमतीला घेऊन जाणार, चाळणार, आणि परत देताना एका पाकिटात शंभर नाणी, सगळी एकाच किमतीची, वर मार्करने आकडा. मला जे ठेवायचंय त्याचे पैसे रोख. अण्णा म्हणले, "मोजून देतोस ना, मग तुला पायजे ते काढ की, मला काय त्यातलं कळतंय." त्यांचा फायदा सरळ आहे, सुटं पोतं बँकेत नेलं की काउंटरच्या मागून जी नजर येते ती येत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना कधीचं सांगून ठेवलंय की चिल्लर नाकारायची नाही, आणि शंभर-शंभरच्या पॉलिथिन पाकिटात आली तर सगळ्यांनाच सोपं पडतं.

मला काय पायजे ते पण लिहून ठेवतो, नाहीतर ढीग समोर आला की माणूस भलतीकडंच जातो. स्टीलचा रुपया आणि २ रुपये, जमेल तेवढी वर्षं, प्रत्येक वर्षाची जेवढ्या टांकसाळींची मिळतील तेवढी. हे झालं संग्रहाचं काम. दुसरं काम जास्त मजेचं वाटतंय, मोबाईलवर ती यादी फिरत असते ना, हे नाणं घरात असेल तर तुम्ही लखपती, तिच्यातलं एकेक नाणं सोलापूरच्या साध्या किराणा दुकानाच्या गल्ल्यात किती निघतं ते मोजायचं. मूठ घातली की हाताला लागत असेल तर ते दुर्मिळ कसलं.

३ डिसेंबर

पहिलं पोतं अर्धं झालं. कामाची पद्धत बसायला लागलीय.

सगळ्यात आधी लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधला काढलेला गोल चुंबक आहे, जाड कापडात गुंडाळून परातीवरनं फिरवला की स्टीलची नाणी गुच्छ धरून वर येतात. १९९२ पासूनचा छोटा रुपया, २००५ पासूनचे २ रुपये, सगळं फेरिटिक स्टील, म्हणजे ८३ टक्के लोखंड आणि १७ टक्के क्रोमियम, ते चिकटणारच. तांबं-निकेलचं नाणं मात्र चुंबकाला ओळख देत नाही. म्हणून परातीत जे मागं राहतं ते आधी बघायचं, त्यात जुने जाड ५ रुपये, अकरा बाजूंचे २ रुपये, ऐंशीच्या दशकातला रुपया असा माल असतो. २००९ पासूनचे पिवळे ५ रुपये पण मागंच राहतात कारण ते निकेल-ब्रासचे, पण ते रंगावरनं लगेच कळतात, पोरगी पण काढून देते.

एक सापळा आहे. १९७० पर्यंतचा जुना मोठा रुपया शुद्ध निकेलचा, १० ग्रॅमचा, आणि निकेल चुंबकाला चिकटतं. म्हणजे सगळ्यात जुनं नाणं नेमकं स्टीलच्या ढिगात जाऊन बसणार. त्यामुळे चिकटलेला ढीग पण परातीत पसरून मोठं काही दिसतंय का एवढं बघायचंच. अजून तरी काही दिसलं नाही, अण्णांच्या गल्ल्यात १९७० सालचं काय येणार म्हणा, त्यांचं दुकानच ऐंशीनंतरचं.

५ डिसेंबर

पाकिटं भरताना बायको म्हणाली, हे रुपयाचं पाकीट हलकं लागतंय, मोजणीत चुकलं का. मोजलं तर बरोबर शंभर. मग वजनकाट्यावर टाकलं तेव्हा गंमत कळली. २०११ ला २ रुपये आणि त्याखालची नाणी एकेक पायरी खाली सरकवलीत. जुना स्टीलचा रुपया २५ मिलिमीटर आणि ४.८५ ग्रॅम होता, तोच आकार आणि तेच वजन २०११ पासून २ रुपयांना दिलं. आणि जुन्या ५० पैशाचं माप, २२ मिलिमीटर, ३.७९ ग्रॅम, ते रुपयाला. ५० पैसे अजून लहान केले. भाजीवाल्या मावशी रुपया आणि २ रुपये हातात घेऊन डोळ्याजवळ नेतात ते उगाच नाही, हाताला जे वीसेक वर्षं रुपया म्हणून माहीत होतं ते आता दोन रुपये झालंय.

कामाच्या दृष्टीने बघायचं तर जुने रुपये आणि नवे रुपये वेगळ्या पाकिटात भरले तर वजनावरनं मोजणी होते, शंभर नवे म्हणजे ३७९ ग्रॅम, शंभर जुने ४८५. मिसळले की काटा काही सांगत नाही. घासलेली नाणी थोडी हलकी भरतात, तेवढं चालतं. अण्णांना सांगितलं तर ते म्हणले "मग साखरेसारखं वजनावर घे की सगळं".

८ डिसेंबर

आज दिवसभर टांकसाळीच्या खुणा. भिंग दहा पटीचं आहे, आणि मोबाईलचा मॅक्रो. सगळी खूण वर्षाच्या खाली असते. चौकट, पत्त्यातली असते तशी, म्हणजे मुंबई, चांदणी म्हणजे हैदराबाद, गोल टिंब म्हणजे नोएडा, आणि काहीच नाही म्हणजे कोलकाता.

हे काहीच नाही वालं प्रकरण डोकं खातं. चांदणी घासली तरी काहीतरी टोक राहतं, चौकटीचा निदान ठिपका राहतो, पण नोएडाचं टिंब वीस वर्षं खिशात फिरलं की साफ होतं आणि नाणं कोलकात्याचं वाटायला लागतं. म्हणून नियम केला, वर्षाखालची जागा गुळगुळीत झालेली असेल तर ते कोलकाता नाही, ते शंका. शंकेचा वेगळा डबा. कोलकाता लिहायचं तर वर्षाचे आकडे धारदार पायजेत. याने कोलकात्याची संख्या कमी येणार हे मान्य, पण खोटी येणार नाही.

नोएडाची टांकसाळ १९८८ ला सुरू झाली, त्यामुळे त्याच्या आधीच्या नाण्याखाली गोल टिंब दिसलं तर ते टिंब नाही, घासलेली चौकट किंवा कुठलातरी टवका. एवढं एक डोक्यात असलं की बरेच घोळ वाचतात.

आणि एक प्रश्न सुरुवातीपासून मनात आहे. सोलापूर मुंबई आणि हैदराबादच्या मधोमध, रेल्वे पण त्याच लाईनवर. मग आपल्याकडं चांदणी जास्त का चौकट? पैज लावायला कोणी नाही घरात, पण माझा अंदाज चांदणी.

११ डिसेंबर

चंपाषष्ठी नुकतीच झाली, बाळे गावच्या खंडोबाची यात्रा. त्या बाजूच्या एका छोट्या देवळाची पेटी उघडली आणि ओळखीतल्या गुरवांनी फोन केला, मोजायला माणूस पायजे होतं. अण्णांसारखीच बोली केली. पोतं उघडलं तर सगळं पिवळं. भंडारा नाण्यांच्या अक्षरात, कडेच्या रेघांत, सगळीकडं बसलेला. पहिल्या तासात हात, परात, चादर, फोन, सगळं खंडोबाचं झालं.

धुवायचं का नाही यावर बराच विचार केला. हळद कोरडी असेल तर मऊ ब्रशने झटकून निघते, चिकटलेली असेल तर साध्या पाण्यात भिजवून कापडावर टेकवायचं, घासायचं नाही. गुरवांची आई म्हणाली चिंच-मीठ लाव, तांब्यासारखं चकचकीत होतं. होतं की, पण चिंचेतलं आम्ल वरचा थर खाऊन टाकतं आणि संग्रहवाला माणूस असलं नाणं बघून तोंड फिरवतो. जे परत जाणार आहे ते हळदीसकट गेलं तरी चालतंय, देवाचंच आहे. जे ठेवायचं तेवढंच पाण्यात.

माल मात्र अण्णांच्या पोत्यापेक्षा फार वेगळा. ॲल्युमिनियमचे चौकोनी ५ पैसे, कंगोरेवाले १० पैसे, सहा बाजूंचे २० पैसे, स्टीलचे २५ पैसे. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालची सगळी नाणी चलनातनं गेली, दुकानदार घेणार नाही, बँक घेणार नाही, मग लोकांनी घराचा डबा झाडून देवाला वाहिली. देव कुठं वर्ष बघतोय. पण त्यामुळे देवळाची पेटी म्हणजे एक प्रकारे घराघरातल्या डब्यांचा तळ आहे, आणि किराणाचा गल्ला म्हणजे फक्त या आठवड्यात फिरणारा पैसा. दोन्हीची नोंद एकत्र केली तर काहीच अर्थ लागणार नाही, दोन वह्या केल्या.

पोत्याच्या तळाला भोकाचा पैसा निघाला. ब्रिटिश काळातला, १९४३ ते ४७ मधे निघायचा तो, मधे मोठं भोक आणि वर मुकुट. वर्ष नीट वाचता येत नाही. बाजारात याला फार काही नाही, ढिगाने पाडलेत तेव्हा, युद्धात तांबं वाचवायला भोक. पण गुरवांच्या आईने तो हातात घेऊन नातीला सांगितलं की असला पैसा आमच्या लहानपणी पोरांच्या करगोट्यात ओवायचे. मी तो विकत घ्यायचं काढलं नाही, त्यांनीच ठेवला.

१५ डिसेंबर

आता यादीकडं. अण्णांची दोन पोती आणि देवळाचं एक, एवढ्यावर बोलतोय.

माता वैष्णोदेवीचं नाणं. २०१२ चं, श्राइन बोर्डाच्या पंचवीस वर्षांचं, ५ आणि १० रुपये दोन्हीत आहे. व्हिडिओत याला लाखांचा भाव. अण्णांच्या पोत्यात दोन्ही निघाले, एकापेक्षा जास्त निघाले, एकाला तर गूळ लागलेला.

२००५-०६ चे २ रुपये, चार रेघा एकमेकांना छेदतात आणि चार ठिपके, अनेकतेत एकता म्हणून काढलेलं. याच्यावरनं तेव्हा क्रॉस आहे म्हणून बोंब झाली होती आणि त्या बोंबेमुळेच बहुतेक यादीत आलं. निघतात, भरपूर निघतात.

अंगठ्याचा रुपया, २००७ पासूनचा, नृत्यमुद्रेचा. आमच्या इथं याला ठेंगा म्हणतात. ठेंग्याचं काय सांगायचं, पाकिटंच्या पाकिटं भरली.

१९८५ चा रुपया, वर्षाखाली एच. हा जरा बोलण्यासारखा आहे. तेव्हा देशात चिल्लरीची इतकी टंचाई होती की सरकारने बाहेरच्या टांकसाळींकडनं नाणी पाडून घेतली, आणि एच म्हणजे बर्मिंगहॅमची हीटन. नंतर नव्वदच्या दशकात पण असंच झालं, म्हणून काही नाण्यांवर मेक्सिको, स्लोव्हाकिया, रशिया, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळींच्या खुणा दिसतात. एच वाला रुपया गल्ल्यात नाही सापडला पण देवळाच्या पोत्यात सापडला, बऱ्या अवस्थेत. लोकांना परदेशी खूण म्हणजे दुर्मिळ वाटतं, पण उलट विचार करा ना, टंचाई भागवायला बाहेरनं मागवलेला माल कमी कसा असेल? कमी मागवला असता तर टंचाई भागलीच नसती. ठेवून घेतला, रुपया देऊन.

२१ डिसेंबर

चाळणी बंद होती आज, शेजारच्या काकू घरी आल्या होत्या. मी नाण्यांचं काहीतरी करतो हे बिल्डिंगभर झालंय. त्यांच्याकडं २ रुपयाचं एक नाणं, फोटो टाकला तर एकाने फोन करून मोठी रक्कम सांगितली, फक्त आधी नोंदणीची फी भरा म्हणाला, मग कर भरा म्हणाला, आणि व्हॉट्सॲपवर रिझर्व्ह बँकेचा शिक्का असलेला कागद पाठवला. काकूंनी पहिली फी भरलेली, दुसरी भरायच्या आधी विचारायला आल्या हे नशीब.

त्यांना दाखवलं, रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मधेच जाहीर करून सांगितलंय की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत नाही, कसलं कमिशन घेत नाही, कोणाला नेमलेलं नाही. काकू म्हणाल्या, "मग त्यानं एवढं गोड का बोलावं रे?" याच्यावर काय बोलणार. सायबर पोलिसांकडं तक्रार करायला त्यांच्या मुलाला पाठवलं, १९३० नंबर दिला. नाणं बघितलं, ते राष्ट्रीय एकात्मतेचं, नकाशा आणि झेंडा असलेलं, नव्वदच्या दशकात सगळ्यांच्या खिशात होतं ते.

विकत घेणारा कधी विकणाऱ्याकडून आधी पैसे मागत नाही. बाजार समितीत कांदा विकायला गेलेल्या शेतकऱ्याला सुद्धा पट्टीतनं कापतात, खिशातनं काढ म्हणत नाहीत.

२९ डिसेंबर

जाड ५ रुपये. १९९२ ला आले तेव्हापासूनचे, तांबं-निकेल, ९ ग्रॅम, कडेला मधोमध खाच आणि त्यात नक्षी. शंभरचं पाकीट जवळजवळ किलोभर. आमच्या पिढीला शाळेत खर्चायला मिळालेलं सगळ्यात मोठं नाणं हेच.

आता पोत्यात शोधायला लागतं. २००७ ला हेच स्टीलचं झालं आणि २००९ ला पिवळं, पातळ, ६ ग्रॅमचं. नाण्यातला धातू नाण्यापेक्षा महाग झाला की नाणं बाजारात टिकत नाही, कोणीतरी वितळवतंच. तेव्हा २००७ च्या आसपास बातम्या यायच्या की आपली नाणी सीमेपलीकडं बांगलादेशात जातात आणि त्याची दाढीची ब्लेडं होतात. २०११ च्या नाणे कायद्यात वितळवायला स्पष्ट बंदी आहे, पण तोवर जे जायचं ते गेलं.

अण्णांच्या तीन पोत्यात जाड पाच इतके कमी की त्यांची वेगळी पाकिटं होणारच नाहीत. मी सगळे ठेवले. याचा संग्रहाला भाव नाही, पण वर्षवार लावायला घेतले तर कळतंय की १९९२ ते ९५ चे चेहरे पुसलेत आणि २००० नंतरचे अजून कडक आहेत.

१४ जानेवारी २०२५

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेची, चिल्लर आली. मित्राच्या चुलत्याचा होम मैदानावर भजी-भाकरीचा स्टॉल आहे, सिद्धेश्वर यात्रेत रोज बादलीभर नाणी जमतात आणि त्यांना रोज संध्याकाळी सुटी नोटात पायजे. मित्र बादली घेऊन दारात उभा, म्हणला, "काय शोधलालास बे एवढं, सापडलं तर निम्मं माझं." बादलीला तेलाचा वास. नाणी गरम पाणी आणि साबणाच्या फेसात बुडवून काढली, वाळवली, याला इलाज नव्हता, तेलकट नाणं भिंगाखाली नुसतं चमकतं आणि खूण दिसत नाही.

ढिगात १० रुपये फार. गावात अजून असे दुकानदार आहेत की १० चं नाणं बघितलं की नको म्हणतात, दहा पाकळ्यांचं चालतं पण पंधरा किरणांचं नकली आहे, कोणी उलटं सांगतो, ज्याला जे वाटेल ते. खरं एवढंच आहे की जुन्या डिझाइनवर पंधरा किरणं आहेत आणि रुपयाचं चिन्ह नाही, २०११ पासूनच्यावर दहा आणि चिन्ह आहे, चिन्हच मुळात २०१० ला ठरलं. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मधे पत्रक काढून सांगितलं की तोपर्यंत निघालेली चौदाच्या चौदा डिझाइन्स खरी आणि चालू आहेत. स्टॉलवर मात्र सगळी चालतात. यात्रेत भजी खाल्लेल्या माणसाशी १० रुपयाच्या नाण्यावरनं कोण भांडणार.

चौदांपैकी या बादलीत बरीच निघाली. होमी भाभा शताब्दीचं आहे, रिझर्व्ह बँकेच्या ७५ वर्षांचं आहे, गांधीजी आफ्रिकेतनं परत आल्याला शंभर वर्षं झाली ते २०१५ चं आहे, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीचं आहे. आणि वर्ष २००५ लिहिलेलं एक. त्याची गंमत अशी की वर्ष २००५ असलं तरी १० ची नाणी लोकांच्या हातात आली ती २००९ ला.

एक १० रुपये मधलं पांढरं काढून टाकलेलं. व्हिडिओत हेच एरर, म्हणजे टांकसाळीतली चूक, म्हणून विकतात. बारकाईनं बघितलं तर रिंगच्या आतल्या कडेला हातोडीचा मार आहे. टांकसाळीतनं असंच निघालं असतं तर आतली कड गोल सरकली असती, चेचली नसती. आपल्याकडं मागावर काम करणारे लोक नाण्याचं वॉशर करतात, स्क्रू पिळतात, पाचर मारतात, त्यामुळे सोलापूरच्या चिल्लरीत मार खाल्लेलं नाणं जास्तच दिसणार.

२० जानेवारी

गड्ड्याच्याच बादलीत आज खरं काहीतरी सापडलं.

तपासायची रीत अशी. नाणं वरखाली दोन बोटात धरायचं, सिंहमुद्रा सरळ ठेवायची, आणि भिंगरीसारखं आडवं फिरवायचं. आपल्या नाण्यात मागची बाजू पण सरळच दिसायला पायजे. रोज हजारो नाण्यांना हे कोण करणार, पण टीव्ही बघता बघता करतो मी, बोटांना सवय झालीय. एक ठेंग्याचा रुपया फिरवला आणि अंगठा आडवा झाला. पुन्हा फिरवला, आडवाच. जवळजवळ पाव वर्तुळ फिरलेलं.

हे हातोडीने होत नाही. नाणं पाडताना वरचा आणि खालचा असे दोन ठसे असतात, त्यातला एक मशीनमधे सैल होऊन फिरला की त्यानंतरची नाणी तशीच पडत राहतात जोवर कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे हे एकटं नसणार, याचे भाऊ अजून कुठंतरी फिरत असणार, थोड्या थोड्या वेगळ्या कोनात. चौकट आहे खाली, मुंबईचा. पुण्यातल्या एका ओळखीच्या नाणेवाल्याला फोटो पाठवला, तो म्हणाला ठेवून दे, घासलेलं आहे, शे-दोनशे कोणी देईल पण उगाच घाई नको. शे-दोनशे म्हणजे रुपयाचे शंभर-दोनशे पट झाले हे खरं, पण भिंगाखाली गेलेले तास धरले तर बिगारी परवडते.

मित्राला सांगितलं, निम्मं तुझं. तो म्हणला, "रुपयाचं निम्मं काय करू बे, चहा पाज."

२ फेब्रुवारी

आज यादीच्या उलट्या बाजूने जमा मांडली आणि जरा अडलो.

मला आपल्याकडची नाणी पायजे होती. १९९९ चा संत ज्ञानेश्वरांचा रुपया. २००२ चा संत तुकारामांचा रुपया. १९९९ चे छत्रपती शिवाजी महाराजांचे अकरा बाजूंचे २ रुपये. २००६ चे महात्मा बसवेश्वरांचे ५ रुपये. आणि २००७ चे खादी-ग्रामोद्योगच्या पन्नास वर्षांचे ५, ते तर आपल्या मागवाल्या गावात असायलाच पायजे. ही सगळी चलनासाठी पाडलेली. आणि अण्णांच्या गल्ल्यात, गड्ड्यात, सगळं मिळून खादीचं सापडलं, तुकोबांचा एक घासलेला सापडला, बाकी नाही. शिवाजी महाराज नाहीत, ज्ञानेश्वर नाहीत, बसवण्णा तर सोलापुरात अजिबातच नाहीत.

अण्णांना विचारलं. ते काही न बोलता गल्ल्याच्या वर देवाच्या फोटोपाशी गेले, चौकटीच्या मागं हात घातला आणि बसवेश्वरांचे पाच रुपये काढून दाखवले. एक नाही, पाच-सहा. "गिऱ्हाईकानं दिलं तर मी गल्ल्यात टाकतो होय रे? ते कुणाला परत द्यायचं नसतंय." मग घरी येऊन आईला विचारलं तर तिच्या देव्हाऱ्यात, हळदी-कुंकवाच्या करंड्याखाली, ज्ञानेश्वरांचा रुपया, किती वर्षं आहे तिलाच आठवत नाही.

म्हणजे माझं माप एकाच बाजूने चालतं. जे पोत्यात मूठभर सापडतं ते दुर्मिळ नाही, हे पक्कं. पण जे पोत्यात सापडत नाही ते दुर्मिळ आहे असं काही म्हणता येत नाही, ते कदाचित गावातल्या दर दुसऱ्या देव्हाऱ्यात बसलेलं आहे. जाड पाच धातूमुळे गेला, बसवण्णा भक्तीमुळे गेले, पोत्यात दोघांची जागा सारखीच रिकामी. चिल्लर बघून एवढंच कळतं की लोकांना काय हातातनं सोडावंसं वाटतं.

वहीत "सापडलं नाही" असा जो रकाना होता त्याचं नाव बदलून "फिरत नाही" केलं.

९ फेब्रुवारी

टांकसाळीची जमा. फक्त अण्णांची पोती आणि गड्डा, देवळाचं धरलं नाही, शंकेचा डबा धरला नाही. २०११ नंतरचे रुपये आणि २ रुपये.

चांदणी आणि चौकट जवळजवळ बरोबरीत. चांदणी जिंकेल असं वाटलं होतं, २ रुपयात जिंकली पण रुपयात चौकट पुढं. नोएडाचं टिंब माझ्या अंदाजापेक्षा बरंच जास्त. कोलकाता सगळ्यात कमी, पण शंकेच्या डब्यात कोलकात्याचे बरेच अडकलेत हे धरून चालायचं. नवी नाणी रिझर्व्ह बँकेकडनं बँकांच्या तिजोऱ्यांत जातात आणि तिथनं गावात, त्यामुळे टांकसाळ जवळ म्हणून तिथलीच नाणी जास्त असं होत नसावं. वर यात्रेत विजापूर, कलबुर्गी, लातूर, कुठनं कुठनं माणूस येतो आणि खिसा मोकळा करून जातो. भजीच्या एका बादलीत तीन जिल्हे आणि दोन राज्यं असणार.

वर्षवार तक्त्यात अजून भोकं आहेत. ती भरायला तेच तेच पोतं चाळून उपयोग नाही, अण्णांच्याकडं तीच नाणी फिरून येतात, खुणेसाठी एका नाण्याला मार्करचा ठिपका दिला होता ते तीन आठवड्यात परत माझ्याच परातीत आलं.

१२ फेब्रुवारी

ठेवलेली नाणी आज नीट लावली. मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटात टाकायची नाहीत, त्या पीव्हीसीने दोन उन्हाळ्यात हिरवा चिकट थर येतो, आणि सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते सांगायला नको. पुठ्ठ्याच्या चौकोनी घड्या घेतल्यात, पारदर्शक खिडकीवाल्या, चार पिना मारायच्या आणि पिनांची टोकं पक्कडीने चपटी करायची, नाहीतर शेजारच्या नाण्याला ओरखडा. प्रत्येकावर वर्ष, खूण, कुठल्या पोत्यातनं आलं ते. भाव लिहिला नाही.

अण्णांची पाकिटं सगळी परत दिली. ते खूश आहेत, बँकेत आता त्यांना बसायला खुर्ची मिळते म्हणे. त्यांनी मार्केट यार्डातल्या एका अडत्याला माझा नंबर दिलाय, त्याच्याकडं हमाली आणि तोलाईच्या सुट्या पैशांची चार पोती आहेत आणि त्यातलं एक, तो म्हणतो, २०१० पासून उघडलेलंच नाही. हे खरं असेल तर २०११ च्या आधीचा माल जसाच्या तसा बसलेला असणार, २५ पैशांसकट. रविवारी टेम्पो बघायचाय, स्कूटरवर ते होणार नाही.